एकसष्टाचें उत्तर

साठ आणि बासष्ट यांच्या मध्यें एकसष्ट येतात, हें सांगावयास शिक्षक लागत नाहीं. परंतु या तीन शेजाऱ्यांस एकच प्रश्न विचारला असतां पहिला व तिसरा चटकन् उत्तर देतात आणि मधला मात्र दहा अंकांची संख्या पुढें करतो, हें कोणीं दाखविल्यावांचून सहसा कळत नाहीं. यंदाच्या अंकांत त्या दहा अंकी संख्येविषयींच चार शब्द लिहावे असें मनांत आहे. विद्यार्थिमित्रांनीं जवळ कागद व पेन्सिल घेऊन बसावें. पालकांनीं नुसतें वाचलें तरी चालेल. परंतु पेन्सिल हातीं धरण्याचा मोह त्यांसही झाला तर तो त्यांनीं आवरूं नये.

प्रश्न असा आहे. चिंचोके घ्या. चार रांगा आणि दर रांगेंत चार, असा सोळा चिंचोक्यांचा एक चौरस मांडा. असे साठ चौरस मांडले म्हणजे 960 चिंचोके झाले. आतां त्यांत एकच चिंचोका आणखी टाका आणि सगळे एकत्र करा. 961 झाले, आणि त्यांचा एकच मोठा चौरस होतो : एकतीस रांगा, दर रांगेंत एकतीस. एकही उरत नाहीं, एकही कमी पडत नाहीं. बासष्टाचेंही तसेंच. आठ आठांचे बासष्ट चौरस म्हणजे 3968; त्यांत एक मिळविला कीं 3969, आणि हा त्रेसष्टाचा वर्ग आहे. नववीच्या वर्गांत हा खेळ आम्ही दरवर्षीं खेळतों. आपल्या भागांत चिंचेला तोटा नाहीं, आणि फळ्यावरील अक्षरांपेक्षां चिंचोका मुलांच्या अधिक ओळखीचा असतो.

मग मुलें आपण होऊनच विचारतात, "सर, एकसष्टाचं काय?"

करून पाहा. लहान चौरसाची बाजू एक घेतली तर एकंदर 62 चिंचोके होतात. हा वर्ग नव्हे. दोन घेतली तर 245, नव्हे. तीन घेतली तर 550, चार घेतली तर 977, नव्हेत. पांच घेतली तर 1526. येथें एखादें चाणाक्ष मूल क्षणभर थबकतें, कारण 1521 हा 39 चा वर्ग आहे आणि आपण अवघ्या पांचांनीं चुकलों. तें थबकणें व्यर्थ नाहीं; या 5 व 39 ची गांठ पुन्हा पडावयाची आहे. परंतु पुढें सहा, सात, आठ असें करीत गेल्यास शंभर झाले, हजार झाले, लाख झाले, तरी वर्ग कांहीं येत नाहीं. प्रथम जी बाजू लागू पडते ती 22 कोटी 61 लक्ष 53 हजार 980, म्हणजे 226153980. आणि त्या वेळीं मोठ्या चौरसाची बाजू होते 1766319049 : एक अब्ज शहात्तर कोटी त्रेसष्ट लक्ष एकोणीस हजार एकोणपन्नास. याहून लहान उत्तर पूर्णांकांत नाहीं. एका चिंचोक्यास एक सेंटीमीटर जागा धरली तर मोठ्या चौरसाची एक बाजू 17,663 किलोमीटर भरते. पृथ्वीचा व्यास सुमारें 12,742 किलोमीटर आहे. तेव्हां हा चौरस मांडावयास ही पृथ्वी पुरणार नाहीं.

कोणी म्हणेल कीं, एकेक संख्या घेऊन पाहत राहिलें म्हणजे केव्हां तरी उत्तर येणारच. येईल खरें. दर मिनिटास एक संख्या तपासली, झोंप घेतली नाहीं आणि जेवावयास उठलें नाहीं, तर सुमारें चारशें तीस वर्षें लागतील. 1150 सालीं कोणी असा बसला असता तर 1580 च्या सुमारास, म्हणजे बीडची खजाना विहीर ज्या शतकांत बांधली गेली त्या शतकाच्या अखेरीकडे, तो उठला असता.

1150 हें साल मीं सहज घेतलेलें नाहीं. त्या वर्षीं, म्हणजे शके 1072 मध्यें, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं भास्कराचार्यांनीं 'सिद्धान्तशिरोमणि' पुरा केला, आणि त्याच्या 'बीजगणित' या भागांत हाच एकसष्टाचा प्रश्न घालून त्याचें हेंच उत्तर दिलें. गणित करावयास त्या काळीं धूळपाटी असे. पाटीवर धूळ पसरावयाची, बोटानें अथवा काडीनें अंक काढावयाचे, पुसावयाचे, पुन्हा काढावयाचे. अशा पाटीवर चारशें तीस वर्षांचें काम एका बैठकींत झालें असेल तर कांहीं तरी आडवाट सांपडली असली पाहिजे, एवढें उघड आहे.

आचार्यांच्या गांवाविषयीं येथें दोन शब्द लिहिणें भाग आहे, कारण पालकमंडळींपैकीं कोणी ना कोणी हा प्रश्न मला विचारतातच. आपला जन्म शके 1036 मध्यें झाला आणि आपलें गांव सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड, असें त्यांनीं स्वतः सांगितलें आहे. हें विज्जडविड म्हणजे आपलें बीड, असें कांहीं विद्वान् म्हणतात. कोणी विजापूर म्हणतात. आणि चाळीसगांवाजवळील पाटण येथें एक शिलालेख आहे, त्यांत आचार्यांचा नातू चांगदेव यानें त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें कोरलेलें आहे. हा लेख डॉक्टर भाऊ दाजी यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रकाशांत आणिला. बीडच्या बाजूस मुख्यतः नांवाचें साम्य आहे, पाटणच्या बाजूस दगडावरचीं अक्षरें आहेत. बीडकर असूनही मला दगडाची साक्ष अधिक वजनदार वाटते. तथापि आचार्य कोठलेही असोत, त्यांची आडवाट आपल्या शाळेंतल्या मुलांस चालतां येते, आणि माझ्या मतें गांवाच्या वादापेक्षां तें अधिक मोलाचें आहे.

ती वाट अशी. आचार्य एकदम उत्तराच्या मागें धांवत नाहींत. प्रथम ते जवळपास जाणारी एक जोडी घेतात. 8 चा वर्ग 64, 1 चा वर्ग एकसष्टपट केला तर 61, फरक 3. आपणांस फरक 1 हवा आहे, आलेला 3 आहे. या फरकास ते क्षेप म्हणतात, लहान संख्येस कनिष्ठ व मोठीस ज्येष्ठ म्हणतात. आतां ज्येष्ठ 8 मध्यें अशी एक संख्या मिळवावयाची कीं, बेरजेस 3 नें निःशेष भाग जावा आणि त्या संख्येचा वर्ग 61 च्या शक्य तितका जवळ असावा. अशी संख्या 7. आठ आणि सात पंधरा. तिनानें भागून 5, हें नवें कनिष्ठ. आठ सातें छप्पन्न, त्यांत 61 मिळवून 117. तिनानें भागून 39, हें नवें ज्येष्ठ. साताचा वर्ग 49, तो 61 पेक्षां 12 नें उणा. तिनानें भागून 4, म्हणून नवा क्षेप उणे 4. पडताळून पाहा : 39 चा वर्ग 1521, आणि 5 च्या वर्गाची एकसष्टपट 1525. मघाशीं ज्यांजवळ थबकलों होतों तेच हे 5 आणि 39.

एका जोडीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी, असें फिरत जाण्याच्या या रीतीस चक्रवाल असें नांव आहे. विहिरीवरचें रहाटगाडगें ज्यांनीं पाहिलें आहे त्यांस हें नांव समजावून सांगावें लागत नाहीं. रीत मुळांत भास्कराचार्यांचीही नव्हे. 1073 सालीं लिहिलेल्या एका टीकेंत जयदेव नांवाच्या आचार्याचे श्लोक आले आहेत आणि त्यांत ती आहे. हें कृपाशंकर शुक्ल यांनीं 1954 मध्यें दाखवून दिलें.

क्षेप 4 आला कीं चक्र फिरविण्याची गरज राहत नाहीं. तेथून ब्रह्मगुप्ताची रीत लागू होते, आणि ती 628 सालची आहे. दोन जोड्या एकमेकींशीं गुणून तिसरी जोडी करावयाची, हिला भावना म्हणतात. आडवा गुणाकार करून दोहोंची बेरीज घेतली कीं नवें कनिष्ठ. ज्येष्ठांचा गुणाकार आणि कनिष्ठांच्या गुणाकाराची एकसष्टपट यांची बेरीज केली कीं नवें ज्येष्ठ. आणि क्षेपांचा परस्पर गुणाकार होतो. 39 व 5 यांचें अर्ध केलें तर साडेएकोणीस व अडीच, आणि क्षेप उणे 1. अपूर्णांक दिसतांच घाबरूं नये, ते फार वेळ राहत नाहींत. ही जोडी तिच्याशींच गुणली कीं 1523 चें अर्ध व 195 चें अर्ध येतें, क्षेप अधिक 1. पुन्हां पहिल्या अर्धांशीं गुणली कीं अर्धें नाहींशीं होऊन 29718 व 3805 या दोन पूर्ण संख्या मिळतात, क्षेप उणे 1. आणि ही शेवटची जोडी तिच्याशींच एकदां गुणली कीं 1766319049 आणि 226153980 समोर उभ्या राहतात. चारशें तीस वर्षांचा रस्ता पाटीच्या दोन बाजूंवर मावला.

आतां या मोठ्या संख्येच्या अंगीं जी शोभा आहे ती पाहूं. 29718 चा वर्ग 883159524. 3805 च्या वर्गाची एकसष्टपट 883159525. या दोन लागोपाठच्या संख्या आहेत, आणि त्यांची बेरीज नेमकी 1766319049. म्हणजे आपली संख्या अंकांचा नुसता ढीग नाहीं. एक वर्ग आणि एका वर्गाची एकसष्टपट असे दोन सख्खे शेजारी एकत्र येऊन ती झाली आहे. एवढें ध्यानांत आलें कीं, ती खरी आहे हें दाखविण्यास दहा अंकांस दहा अंकांनीं गुणण्याचें कारण उरत नाहीं. दोन संख्यांच्या बेरजेच्या वर्गांतून त्यांच्या गुणाकाराची चौपट वजा केली असतां त्यांच्या अंतराचा वर्ग राहतो, हें नववींतील प्रत्येक मुलास पाठ असतें. येथें अंतर 1, त्याचा वर्ग 1. आणि त्या दोन संख्यांच्या गुणाकाराची चौपट म्हणजेच 226153980 च्या वर्गाची एकसष्टपट; कारण 29718 व 3805 यांच्या गुणाकाराची दुप्पट हीच 226153980 आहे. पाठ असलेलें सूत्र इतक्या उपयोगीं पडल्याचें दुसरें उदाहरण मला तरी चटकन् आठवत नाहीं.

आणखी एक गुण जातां जातां. 1766319049 ला 226153980 नें भागलें तर 61 चें वर्गमूळ दशांशचिन्हानंतर सतरा स्थळांपर्यंत बरोबर येतें : 7.81024967590665439. आणि या जोडीवर पुन्हा भावना केली तर पुढची जोडी मिळते, तींतील ज्येष्ठ 6239765965720528801. तिच्यापुढें आणखी, आणि याला अंत नाहीं.

युरोपांत हा प्रश्न पांचशें वर्षांनीं निघाला. 1657 सालीं फ्रान्समधील पियेर द फर्मा यानें आपला मित्र फ्रेनिकल यास आव्हान दिलें, तेव्हां उदाहरणादाखल दोन संख्या निवडल्या, 61 आणि 109. एकसष्टावरच त्याचाही हात पडावा यांत चमत्कार कांहीं नाहीं. शंभराच्या आंतील सर्व संख्यांत एकसष्टाचें लहानांत लहान उत्तर सर्वांत मोठें आहे. परीक्षकास कठीण प्रश्न हवा असला कीं तो तेथेंच येऊन पोंचतो. इंग्लंडमध्यें ब्राउंकर यानें उत्तर काढण्याची रीत शोधली. पुढें ऑयलर यानें नजरचुकीनें तिचें श्रेय पेल नांवाच्या गृहस्थास दिलें, आणि ज्यानें ती शोधली नाहीं त्याचेंच नांव त्या समीकरणास कायमचें चिकटलें. वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येस असें उत्तर असतेंच, हें लाग्रांज यानें अठराव्या शतकांत सिद्ध केलें. कोलब्रुकसाहेबांचें बीजगणिताचें इंग्रजी भाषांतर लंडनला निघालें तें 1817 सालीं. चक्रवाल कोठेंही न अडकतां उत्तरापर्यंत पोंचतें याची पूर्ण सिद्धता म्हैसूरचे कृष्णस्वामी अय्यंगार यांनीं 1929 च्या सुमारास दिली.

इतका इतिहास पुरे. ताळ्याकडे वळूं, कारण मुलांच्या घरापर्यंत जाणारी वस्तु ती आहे. 1766319049 च्या अंकांची बेरीज 46, त्यांची 10, त्यांची 1. म्हणून नवांनीं भागल्यास बाकी 1. कनिष्ठाच्या अंकांची बेरीज 36, म्हणून त्यास नवांनीं भाग जातो. त्याच्या वर्गाची एकसष्टपट करून त्यांत 1 मिळविला तर बाकी 1 च राहील. ताळा जमला. परंतु नवांचा ताळा भोळा आहे. दोन अंकांची आपसांत अदलाबदल झाली तर त्याला तें कळत नाहीं, कारण बेरीज तीच राहते. म्हणून मी अकरांचाही ताळा शिकवितों. उजवीकडून एकाआड एक अंक घ्या : 9, 0, 1, 6, 7 मिळून 23, उरलेले 4, 9, 3, 6, 1 मिळूनही 23. अंतर शून्य, म्हणून आपल्या संख्येस अकरांनीं निःशेष भाग जातो आणि 160574459 येतात. कनिष्ठाची बाकी 8 राहते. आठांचा वर्ग 64, एकसष्टपट करून एक मिळविला तर 3905, आणि हे अकरा गुणिले 355. ताळा पुन्हा जमला.

आमच्या शाळेंतील कांहीं मुलांचे आईबाप दसरा-दिवाळीनंतर ऊस तोडावयास जातात. आपल्या जिल्ह्यांत हें कोणास नवीन नाहीं. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडावयाची असते, आणि मागें घरीं कोणी वडीलधारें नसलें कीं मुलेंही बरोबर जातात. कांहीं वर्षांपूर्वीं नववींतली एक मुलगी अशीच निघाली. निघतांना तिनें सुटीचा अभ्यास मागितला. मीं एका कागदावर या दोन मोठ्या संख्या लिहून दिल्या आणि म्हटलें, "बाळ, दोन्हींचे वर्ग कर, दुसऱ्याची एकसष्टपट कर, आणि फरक किती येतो तें मला येऊन सांग." सूत्राची युक्ति तेव्हां मीं सांगितली नव्हती. वर्षभर हातांस गुणाकाराचा सराव राहावा एवढाच हेतु होता.

होळीनंतर ती परत आली तेव्हां तिच्या पिशवींत वजनकाट्याच्या जुन्या पावत्यांचा एक गठ्ठा होता. त्यांच्या कोऱ्या पाठींवर तिनें दोन्ही वर्ग केले होते. एक 3119882982860264401 आणि दुसऱ्याची एकसष्टपट 3119882982860264400. एकोणीस अंकांच्या दोन संख्या, पहिले अठरा अंक सारखे, शेवटीं एकाचा फरक. कोणाच्या तरी कॅलक्युलेटरवरही तिनें करून पाहिलें होतें. तें बारा अंकांचें होतें आणि चूक दाखवून थांबलें होतें. ही गोष्ट तिनें मोठ्या समाधानानें सांगितली.

तिच्याबरोबर तिचे वडील आले होते. ते ओट्यावर बसले, डोक्याचा रुमाल सोडून गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "सर, हिनं तिकडं मुकादमाची वही तपासली." हंगामाच्या अखेरीस टोळीचा हिशेब झाला, त्यांत त्यांच्या कोयत्याच्या उसाची बेरीज 245 टन मांडली होती. मुलीनें पावत्यांवरून नवांचा ताळा घेतला, तो जमला. सगळ्यांनीं सुटकेचा श्वास सोडला. मग तिनें अकरांचा घेतला. पावत्यांची बाकी 1 येत होती आणि वहींतल्या बेरजेची 3. पुन्हा सर्व पावत्या मिळविल्या तेव्हां 254 टन भरले. शेवटचे दोन अंक उलटे उतरले होते. मुकादमानें वही बराच वेळ न्याहाळली, "लिहिताना झालं असंल" म्हणाला, आणि आंकडा दुरुस्त केला. मुद्दाम झालें कीं चुकून, हें मी सांगूं शकत नाहीं. नऊ टन ऊस तोडावयास दोन माणसांस किती दिवस वांकावें लागतें, हें मात्र त्या गृहस्थांस कोणीं सांगावयास नको होतें.

थोड्या वेळानें त्यांनीं पावत्यांचा गठ्ठा हातीं घेतला, एक पावती उलटी करून ते एकोणीस अंक पाहिले आणि विचारलें, "पण सर, हा एवढा मोठा आकडा कशाला लागतो? एवढा ऊस तर साऱ्या मुलखात नसंल."

मी म्हटलें, "मामा, लागत कशालाच नाहीं. पण एवढ्या मोठ्या आकड्यांत एकाचा फरक हिनं शोधला. दोनशें चोपन्न तिला आतां लहान वाटतात."

त्यांस हें पटलें कीं नाहीं, तें कळलें नाहीं. ते हंसले आणि म्हणाले, "मंग पुढच्या साली हिला इथंच ठेवतो. वसतिगृहात जागा हाय का, तेवढं बघा." जागा होती. त्या वर्षीं ती दहावीला पूर्ण वर्ष वर्गांत बसली. सूत्राची युक्ति मीं तिला तेव्हां दाखविली, आणि ती माझ्यावर थोडी रागावली; एवढे गुणाकार उगाच केले, असें तिचें म्हणणें. हा राग मला आवडला.

मग तिनें विचारलें, "एकसष्टापेक्षां वाईट संख्या कोणती?" शंभराच्या आंत एकही नाहीं. त्याच्यापुढें पहिली भेटते ती 109, फर्मानें निवडलेली दुसरी. तिचें ज्येष्ठ पंधरा अंकी आहे. तें मीं तिला सांगितलें नाहीं, आणि येथेंही छापीत नाहीं. एवढेंच सांगतों कीं, 261 चा वर्ग 68121, आणि 25 च्या वर्गाची एकशेंनऊपट 68125. क्षेप उणे 4. पुढच्या पायऱ्या वर दिल्या आहेत, फक्त 61 च्या जागीं 109 धरावे. वार्षिक परीक्षा आटोपल्यावर ज्यांस सवड असेल त्यांनीं उत्तर काढून, नवांचा व अकरांचा दोन्ही ताळे घेऊन, शिक्षकांच्या खोलींत आणून दाखवावें. पालकांनीं आणलें तरी घेतलें जाईल.